पार्सलाचं कपाळ

पार्सलाला कपाळ असतं का, आणि असलंच तर कोणत्या बाजूला, हा प्रश्न माझ्याआधी कोणाला पडला असेल असं वाटत नाही. मला तो पडला, मी तो माझ्यापुरता सोडवला आणि त्यापायी वाशीमपासून नागपूरपर्यंत माझी जी शोभा झाली, ती इथे सांगतो. गावात हा किस्सा माझ्या तोंडून कोणी ऐकत नाही, कारण प्रत्येकाला तो माझ्यापेक्षा चांगला सांगता येतो. लिहिताना निदान मधे कोणी तोंड घालत नाही.

आमचं गाव रिठदहून थोडं आत. सोयाबीन, तूर, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याची हळद. ट्रॅक्टर आल्यापासून गावातल्या बैलजोड्या कमी होत गेल्या, पण आमच्या दारात जोडी अजून आहे. लोकांना वाटतं, मी जुन्या वळणाचा माणूस. खरं असं की एकदा मी जोडी विकायचं काढलं होतं, तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "विका ना. पन आधी मले माहेरी पोचवून द्या." जोडी राहिली.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर जी झूल घालतात, ती बायको शिवते. पहिली झूल तिनं आमच्याच बैलांसाठी शिवली, दोन जुन्या साड्या आणि एक पडदा जोडून. कडेला आरसे, कोपऱ्यांना गोंडे, मधोमध मोर. त्या वर्षी आमची जोडी वेशीवर बांधलेल्या पोळ्याच्या तोरणाखाली उभी राहिली आणि लोक बैल सोडून झूलच पाहत राहिले. पुढच्या पोळ्यापासून दारात गिऱ्हाइकं येऊ लागली. कोणी सुतळीनं बैलाचं माप घेऊन यायचं, कोणी हात पसरून दाखवायचं, आणि किन्हीराजाकडचा एक जण तर बैलच घेऊन आला होता.

तिच्या झुलीची ओळख अशी, की ती उलटून पाहिली तरी गाठ दिसत नाही. आतून अस्तर, अस्तराचे टाके बाहेरच्या टाक्यांइतकेच सरळ. मी एकदा शहाणपणा केला होता. म्हणालो, "आतली बाजू कोन पाह्यते?"

ती म्हणाली, "बैल."

त्यानंतर शिवणकामातला शहाणपणा मी सोडून दिला. दुसऱ्या कामांतला सोडला नव्हता, हीच पुढची अडचण.

आमच्या जोडीचा फोटो या फोनमधून त्या फोनमध्ये हिंडत हिंडत नागपूरच्या एका बाईंपर्यंत गेला. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान लेकरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत आणतात, मोठे त्यांचं कौतुक करतात, खाऊ देतात. या बाईंच्या वसाहतीतही तो भरायचा. त्यांनी फोन करून विचारलं, "वहिनी, लेकरांच्या लाकडी बैलांना अशा झुली शिवून द्याल का?"

बायकोनं हो म्हटलं. बाईंनी माप इंचात सांगितलं. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. "इंचानं बैल कुठी समजते? बैल डोयापुढं पायजे."

डोळ्यांपुढे बैल आणायची जबाबदारी मी घेतली. नाल्याकाठची चिकणमाती आणली आणि सांगितलेल्या मापाचा बैल घडवला. मन लावून घडवला. तुराट्यांची शिंगं बसवली, शेपटीला सुतळी लावली. ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिली.

"हा बैल हाय का रानडुक्कर?"

"उभा तर राह्यला ना?"

"भितीले टेकून."

तरी झुली बेतल्या गेल्या त्या त्याच्याच पाठीवर. दिवसा निंदण, आल्यावर स्वयंपाक, आणि मधे सापडेल त्या वेळात मशीन. एकीचा रंग दुसरीला नाही. एकीवर भिंगऱ्या, दुसरीवर कणसं, तिसरीवर आमच्या गावच्या टेकडीसारखं काहीतरी. एवढ्याशा झुलींनाही तिनं अस्तर लावलं, तेव्हा न राहवून मी पुन्हा बोललो, "लाकडाच्या बैलाले काय टोचते?"

"लेकराच्या हाताले टोचते," ती म्हणाली.

या कामात तिचा जीव का गुंतला होता, ते मला माहीत होतं. आजवर तिच्या झुली नेणारे सगळे ओळखीचे. आज नाही जमलं तर उद्या घेऊन जातील, टाका निसटला तर दारात येऊन मस्करी करतील. नागपूरच्या बाईंनी मात्र तिला कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. "न पाह्यता इस्वास टाकला त्या बाईनं," ती पुनःपुन्हा म्हणे. आणि झूल ही चीजच अशी, की पोळ्याआधी तिच्यासाठी माणसं दारात बसतात आणि तोरण तुटून पोळा फुटला की तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. वेळेवर पोचली तर झूल, नाहीतर चिंधी.

झुली तयार झाल्या. घड्या घालून तिनं त्या माझ्या हातात दिल्या. "पाठवाचं काम तेवढं तुमी करा. अन् देवापुढं ठिवून मंगच न्या."

बस, एवढंच काम. शेंबडं पोरगं करील असं. पण घरात पहिल्यांदा जिल्ह्याबाहेरची मागणी पुरी होत होती आणि तिचा अर्धा कार्यभार माझ्याकडे आला होता. माझी छाती जरा जास्तच फुगली. किराणा दुकानातून बिस्किटांचा रिकामा खोका आणला, आत झुली रचल्या, वर कागद लावला, स्केचपेननं पत्ता असा मोठा लिहिला की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता यावा. मग खोका देवापुढे ठेवला.

आणि मला वाटलं, नुसतं ठेवून काय होतं? नवी गाडी आणली तर आपण तिला हळदकुंकू लावतो. मशीनला लावतो, विळ्याला लावतो, विहिरीच्या मोटारीलाही लावतो. हिच्या आयुष्यातलं पहिलं पार्सल, ते काय कोरं जाईल? स्वस्तिक काढायचं ठरवलं. कुठे काढायचं? कुंकू कपाळाला लावतात. खोक्याचं कपाळ कोणतं? पाठ नाही, पोट नाही. ज्या बाजूनं माणूस त्याला ओळखतो ते त्याचं तोंड, आणि ओळखतो तो पत्त्यावरून. म्हणजे पत्ता असतो तेच कपाळ. हा विचार मी एकट्यानं, कोणाच्या मदतीशिवाय केला.

पाण्यातलं कुंकू वाळलं की उडून जातं, तेव्हा नागपूरपर्यंत टिकावं म्हणून ते गोडेतेलात कालवलं. चांगलं वाटीभर. स्वस्तिक, त्याच्या चार बाजूंना ठिपके, खाली हळदीची पाच बोटं. खोका नवरदेवासारखा दिसायला लागला.

वाशीमच्या पार्सलच्या काउंटरवर बसलेल्या माणसानं खोका दोन बोटांनी उचलला. मी तोंडी पत्ता सांगितला, त्यानं यंत्रातून छापील चिठ्ठी काढली आणि खोक्यावर जागा शोधू लागला.

"भाऊ, हे काय करून आनलं? पत्त्यावरच कुंकू?"

"मंग कुठी लावाचं? पहिलं पार्सल हाय घरचं."

"तेल हाय ना याच्यात. चिठ्ठी धरनार नाई."

"धरते. शुभ काम हाय."

त्यानं चिठ्ठी दाबली, पुन्हा दाबली, मग वरून टेप मारायला घेतली. मी त्याचा हात धरला. "स्वस्तिकावर टेप नोको मारू बाप्पा." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि टेप खाली ठेवली. सणाची गर्दी होती. गणपतीच्या मखरांचे खोके छतापर्यंत चढलेले. माझ्यासारख्याशी वाद घालायला त्याला सवड नव्हती. बिचाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

घरी येऊन मी सांगितलं, "झालं काम."

त्यानंतर रोज फोनवर पाहावं तर एकच ओळ: पार्सल मार्गस्थ आहे. पहिल्या दिवशी ती वाचून बरं वाटलं. पुढे पुढे वाटायला लागलं, मार्गस्थ म्हणजे नेमकं काय? चालतं आहे, बसलं आहे, का वारलं? बायको मशीनवर गावकऱ्यांच्या झुली शिवत असायची, मान वर न करता विचारायची, "पोचलं?" मी म्हणायचो, "मार्गस्थ हाय." ती पुन्हा टाके घालायची.

पोळा अगदी तोंडावर आला आणि नागपूरच्या बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "वहिनी, लेकरं रोज विचारतात हो, बैलांचे कपडे कधी येणार," एवढंच म्हणाल्या. मग मी त्या पार्सल कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक बाई भेटल्या. म्हणाल्या, अकोल्याच्या गोदामापुढे तुमच्या पार्सलाची नोंद नाही. चिठ्ठी निघालेली पार्सलं तिथे बाजूला काढून ठेवतात, सुट्ट्यांची गर्दी ओसरली की त्यांचं पाहू.

मी फोन ठेवला. बायकोचा पाय मशीनवर थांबला होता.

"चिठ्ठी कशी निघन?"

"काय मालूम."

"निघाली तर निघाली. तुमी पत्ता लिहिला व्हता ना खोक्यावर?"

"मोठ्या अक्षरात."

"अन् कुंकू लावलं व्हतं म्हने."

"लावलं ना. समोरून."

"पत्ता कुठी व्हता?"

"समोरूनच."

"अहो," ती म्हणाली, "कुंकू कपाळाले लावतात. डोयाले नाई."

मी वाट पाहत होतो की आता तोंडाचा पट्टा सुटेल. आमच्या घरी तो रीतसर सुटतो आणि ऐकून घेतलं की माझंही मन हलकं होतं. त्या दिवशी सुटला नाही. तिनं सुई काढून ठेवली, मशीनवर कापड टाकलं आणि म्हणाली, "परवा तिकडची लेकरं उघडेच बैल घेऊन उभी राह्यतीन. अन् ती बाई म्हनन, खेड्यातल्या बाईवर कायले भरोसा टाकला."

ती संध्याकाळ खांदशेकणीची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे वर्षभर जू ओढलेले खांदे ऊन पाण्यानं शेकायचे, तूप-हळद लावायची आणि त्यांना आवतण द्यायचं. मी दोघांचे खांदे चोळले आणि रीतीप्रमाणे कानाशी म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मोठ्या बैलानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याला आधीच कळलं होतं की यजमान उद्या घरी नसणार.

पोळ्याच्या सकाळी मी अकोल्याची गाडी धरायला निघालो. शेजारचे काका ओट्यावर बैलांची शिंगं रंगवत बसले होते. वयानं माझ्या वडलांएवढे, जिभेनं अजून तरुण.

"काबे, पोयाच्या दिवशी कुठी चालला?"

"अकोल्याले. पार्सल आनाले."

"लोकं अकोल्याहून पोयाले गावात येऊन राह्यले, अन् तू तिकडं? बैलं कोन नेईन तोरनात?"

"येतो ना काका दुपारपर्यंत."

"येशीन बाप्पा. पन येताना सोताले कुंकू लावून नोको येऊ, हरपशीन."

बातमी गावात पोचली होती, हे मला तेव्हा कळलं.

अकोल्याच्या त्या गोदामात शिरलो आणि माझं अवसानच गळालं. शेतात सोयाबीनची गंजी लागते तशा खोक्यांच्या गंज्या. माणसं घामाघूम, कोणी टाकतंय, कोणी झेलतंय, कोणी नावानं ओरडतंय. तिथला मुकादम कानाला फोन लावूनच माझ्याशी बोलला.

"नंबर सांगा." मी पावतीवरचा सांगितला.

"इथपर्यंत आलं. पुढं गेलं नाई. चिठ्ठी निघाली असन. चिठ्ठीबिगर आमी कसं धुंडाव? खोका कसा व्हता?"

"बिस्किटाचा."

"इथं अर्धे खोके बिस्किटाचेच हायेत, भाऊ. काई खूण?"

मी घसा साफ केला. "समोरून लाल हाय. म्हंजे... स्वस्तिक हाय. तेलातलं. खाली हळदीची बोटं."

मुकादमानं कानाचा फोन खाली घेतला. मागे पोती उचलणारा एक जण थांबला. मग दुसरा थांबला. मुकादम हळूच म्हणाला, "ते तुमचं व्हय?"

त्यानं मला गोदामाच्या टोकाला नेलं. तिथे भिंतीला फळी ठोकलेली, फळीवर देवाचा फोटो, आणि फोटोशेजारी पाटावर आमचा खोका. गळ्यात झेंडूची माळ. पुढे अगरबत्तीची राख साचलेली. कोणीतरी साखरफुटाणेही ठेवले होते.

"गाडीतून उतरलं तवा ना पत्ता ना चिठ्ठी," मुकादम सांगू लागला. "नुसतं स्वस्तिक. पोरं म्हनले, हे कोन्या मंदिराचं असन. पायाखाली कसं ठिवाव? वर ठिवलं. मंग एकानं अगरबत्ती लावली, मंग रोजच लावाले लागले."

"अन् खरं सांगतो भाऊ," मागचा हमाल म्हणाला, "हे बसलं तवापासून काचेचं एकबी पार्सल फुटलं नाई."

हसावं की पाया पडावं, मला कळेना. ज्या चुकीनं पार्सल हरवलं, तिनंच ते सांभाळलं होतं. बाजूला काढलेल्या बिनचिठ्ठीच्या खोक्यांचा ढीग तिथेच कोपऱ्यात होता, पावसाच्या ओलीनं दबलेला, खालचे पार चपटे झालेले. आमचा मात्र कोरडा, टवटवीत, फुलांच्या माळेत.

"तुमचंच हाय कशावरून? आत काय हाय?" मुकादमानं विचारलं.

"झुली. लाकडी बैलाच्या. लेकरांसाठी."

खोका उघडला. वरची झूल त्यानं उचलली, उजेडात धरली. आरशांवर उजेड पडला आणि गोदामाच्या पत्र्यावर ठिपके नाचले. माणसं हातातली कामं ठेवून जमली. मुकादमानं झूल उलटली, बोट फिरवलं, पुन्हा सुलटी केली.

"आतून बी तशीच! कोन शिवली?"

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींची बढाई मारली आहे. बऱ्याचशा खोट्या होत्या. ही पहिली अशी, जिच्यात मला काही मिसळावं लागलं नाही. "माह्या घरवालीनं," मी म्हणालो.

"आन्‌ कुंकू?"

"ते मी."

"ते समजलंच," तो म्हणाला, आणि सगळं गोदाम हसलं.

नवी चिठ्ठी लावून पाठवतो, असं त्यानं सांगितलं, पण सुट्टीमुळे ते तान्ह्या पोळ्यानंतरच पोचणार होतं. मी म्हणालो, "माह्याजवळच द्या." पाट रिकामा झाल्यावर हमाल त्याच्याकडे असे पाहू लागले की मला राहवेना. समोरच्या दुकानातून नारळ आणून मी तिथे ठेवला. "आता हा पाहीन तुमच्या काचा."

बाहेर येऊन बायकोला फोन लावला. "सापडलं! देवाजवळ व्हतं!"

"म्हंजे?" तिला भलतंच वाटलं.

सगळं सांगितलं. ती हसली असावी. मग मी मुद्द्यावर आलो. नागपूरचा तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी सकाळीच भरणार होता. आता नागपूरची गाडी धरली तर झुली वेळेवर पोचतील, पण गावचा पोळा चुकेल. घरी गेलो तर आपले बैल तोरणात जातील, पण झुली राहतील. मुलगा पुण्याला नोकरीवर, त्याला सुट्टी नाही. घरात बैल धरणारा दुसरा गडी नाही.

"काय करू? तूच सांग."

फोनमधून आमच्या बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ ऐकू येत होती. ती गोठ्यातच होती.

"नागपूरले जा," ती म्हणाली.

"अन् बैलं?"

"बैलाचं पाहू. गाडीत खोका मांडीवर ठिवजा. अन् आता त्याले काई लावू नोका."

नागपूरच्या गाडीत खोका मांडीवर घेऊन बसलो. दुपार कलली तशी रस्त्याकडेच्या गावांतून सजलेल्या जोड्या निघताना दिसू लागल्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, वाजंत्री. जन्मल्यापासून मी एकही पोळा चुकवला नव्हता. आता खिडकीतून परक्या बैलांचे पुठ्ठे मोजत बसलो. आमचे बैल शेजारचे काका नेत असतील, अशी मी मनाची समजूत घातली.

मग फोन वाजला. शेजारच्या वहिनींनी व्हिडिओ पाठवला होता.

गावचं तोरण दिसत होतं, त्याखाली ओळीनं जोड्या. आणि आमच्या जोडीचा कासरा बायकोच्या हातात. आमच्याकडे बाई पोळ्याला दारात आरती घेऊन उभी राहते, तोरणात बैल धरून नाही. गावातल्या निम्म्या बैलांच्या पाठीवर तिच्या झुली, पण त्या ओळीत ती कधी उभी राहिली नव्हती. आज होती. पदर खोचलेला, एक हात मोठ्या बैलाच्या मानेवर. काका शेजारी हात पुढे करून म्हणत होते, "आन सूनबाई, मी धरतो. बाईमानसानं कायले?"

"माह्या बैलाचा कासरा धराले मले हात नाई का काका? वर्षभर चारा टाकतो तवा कोनी म्हनत नाई, बाईमानसानं कायले." 

मागून कोणीतरी ओरडलं, "घरधनी कुठी गेले वो वहिनी?"

पोळ्यात झडत्या म्हणायची रीत आहे. तोरणाखाली एकेकानं चार ओळींचं जुळवून म्हणायचं, कोणाची तरी टोपी उडवायची आणि सगळ्यांनी शेवटी गजर करायचा. म्हणतात ते पुरुषच. बायकोनं कासरा आवळला, मान वर केली आणि त्या सबंध पोळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कुंकू लावलं पत्त्याले,
पार्सल गेलं अकोल्याले;
धनी गेले धुंडाले,
म्या आनली बैलं पोयाले!"

शेवटची ओळ संपते न संपते तोच "हर हर महादेव!" असा गजर उठला की फोन माझ्या हातात थरथरला. सगळ्यात मोठा आवाज काकांचा.

शेजारच्या सीटवरचा प्रवासी माझ्या खांद्यावरून पाहत होता. "कोन हाय वो ह्या?"

"आमची मंडळी."

"अन् ते कुंकूवाले धनी?"

मी मांडीवरचा खोका त्याच्याकडे वळवला. त्यानं लाल बाजू पाहिली, मला पाहिलं, आणि पुढच्या सीटवरच्याला हलवून उठवलं. नागपूर येईपर्यंत तो व्हिडिओ कंडक्टरसकट सगळ्यांनी पाहिला. लोक हसत होते मला, आणि माझी मान ताठ होत चालली होती. असं एकाच वेळी होऊ शकतं, हे मला त्या दिवशी समजलं.

बाईंनी दार उघडलं तेव्हा मी खोका पुढे धरून उभा होतो, रुखवत घेऊन आल्यासारखा. त्यांनी मला मुक्कामाला ठेवून घेतलं. सकाळी अंगणात लेकरं आपापले बैल घेऊन आली आणि झुली चढवल्या गेल्या. एकही आखूड नाही, एकही सैल नाही. माझ्या रानडुकराच्या मापावर बेतलेल्या! बाईंनी बायकोला व्हिडिओ कॉल लावून फोन गोल फिरवला. मला वाटलं, ती डोळे पुसेल. ती फोनमध्ये डोळे बारीक करून पाहत होती.

"ताई, तिकडच्या त्या काया बैलाची झूल उलटी घातली."

बाईंनी पाहिलं. "वहिनी, आतून बाहेरून सारखीच आहे हो, कळलंच नाही."

"मले कयते," बायको म्हणाली.

झूल सुलटी झाली. बाई तिला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आमच्या मागच्या वसाहतीलाही हव्यात." ती म्हणाली, "देतो ना. पन पार्सल मीच टाकीन."

आता आमच्या घरी तशी वाटणी झाली आहे. पोळ्याआधी खोके ती बांधते, पत्ता ती लिहिते, काउंटरवर ती उभी राहते. माझा मातीचा बैल मापासाठी अजून कोनाड्यात आहे, भिंतीला टेकून. तोरणात कासराही तीच धरते आणि तिच्या मागे आता गावातल्या आणखी दोघी उभ्या राहतात. तिची झडती रिठदच्या पोळ्यातही म्हणतात, असं ऐकतो. मी गजराला असतोच. माझ्याइतक्या जोरात "हर हर महादेव" कोणी म्हणत नाही.

फक्त पोळा फुटला की मला पळत घरी यावं लागतं, कारण बैल दारात आले की त्यांना ओवाळायचं काम आता माझ्याकडे आहे. परवाच्या पोळ्याला ती जोडी घेऊन आली. मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, ताट पुढे केलं, बोट कुंकवात बुडवलं, आणि सवयीनं थबकलो.

तिनं कासरा सैल केला.

"लावा, लावा," ती म्हणाली. "दोन शिंगाच्या मधात असते, ते कपाळ."